उसना दिलेला माणूस

बेल्मर गावात दोनच आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. एक मांसाच्या कारखान्याचा भोंगा आणि दुसरी लव्हॉन हार्म्स. भोंगा निदान दिवसातून तीनदाच वाजायचा.

नववीत शाळा सुटलेली बाई. एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात बेकन कापायच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली, ती पुढची बावीस वर्षं उभीच. पक्षाच्या कॉकसला, म्हणजे उमेदवार निवडायच्या मेळाव्याला, पहिल्यांदा गेली, तेव्हा तो बँक मॅनेजरच्या दिवाणखान्यात भरला होता. मॅनेजरच्या बायकोने दारातच तिच्या हातात कॉफीची किटली दिली. म्हणाली, "बरं झालं आलीस. कप तिकडे आहेत." लव्हॉनने तीस जणांना कॉफी वाढली, आणि निघताना टेबलावरचं पक्षाच्या नियमांचं पुस्तक कोटाच्या खिशात घालून घरी नेलं. चार वर्षं ती ते जेवणाच्या सुट्टीत वाचत होती. पानापानावर डुकराच्या चरबीचे डाग पडले. पुढच्या कॉकसला त्याच दिवाणखान्यात ती उठली आणि म्हणाली, "अध्यक्ष महाराज, नियमाचा मुद्दा आहे!" त्या दिवशी मॅनेजरसाहेब डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी, होता होता राहिले, आणि त्यांच्या बायकोला आपली कॉफी आपणच वाढावी लागली.

तेव्हापासून अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या त्या कोपऱ्यात कोणाला काही अडलं की लोक म्हणायचे, "हार्म्सबाईंना विचारा." तिला ते आवडायचं. फार आवडायचं. पुढे जे सगळं झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

कॉकस म्हणजे मतपेटी नाही, पडदा नाही, चिठ्ठी नाही. फेब्रुवारीत, बाहेर नाकातला श्वास गोठत असताना, सात वाजता शाळेच्या व्यायामशाळेत यायचं आणि आपल्या माणसाच्या कोपऱ्यात उभं राहायचं. शेजारी बघतो, न्हावी बघतो, सासू बघते. जिथे उभे राहाल ते तुम्ही. शंभरातले पंधरा ज्या कोपऱ्यात नाहीत तो कोपरा मोडतो. मग अर्धा तास मिळतो, आणि त्या अर्ध्या तासात मोडक्या कोपऱ्यातल्या माणसांना ओढायला इतर कोपरे धावतात. शेवटी डोकी मोजून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अधिवेशनाच्या जागा कोपऱ्यांना वाटतात. ज्या कोपऱ्यात मोजले गेलात, त्याच कोपऱ्याचा डेलिगेट होता येतं. हे शेवटचं वाक्य लव्हॉनच्या पुस्तकात पान एकोणिसावर होतं, आणि त्याच्याखाली तिने स्वतः पेन्सिलीने रेघ मारली होती.

त्या वर्षी संप हरून दोन वर्षं झाली होती. नऊ महिने चाललेला संप. लव्हॉन रोज फाटकावर असायची आणि तिच्या डाव्या हाताला रोज आर्लो स्कॉव असायचा. आर्लो हाडं सोडवायच्या पट्ट्यावरचा. सुरी एका मापाने हजारदा, दहा हजारदा फिरवून त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं आता मिटत नव्हती. कॉफीचा कप तो डाव्या हाताने उचलायचा. माणूस मुखदुर्बळ. संपाच्या सहाव्या महिन्यात त्याची बायको आयना आजारी पडली, औषधाला पैसे नव्हते, त्याचा सख्खा भाऊ फाटक ओलांडून कामावर गेला. आर्लो गेला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "उभा राहिलोय ना आता." एवढंच.

त्या हिवाळ्यात त्याने एक ठराव लिहिला. चार ओळी. पट्ट्याचा वेग कमी करा, आणि हात गेलेल्या माणसाला कामावरून काढू नका. चार ओळींना त्याला तीन आठवडे लागले. लव्हॉनने व्याकरण नीट करून दिलं आणि म्हणाली, "हा ठराव काउंटीच्या अधिवेशनात तूच मांडायचा."

"मी? तू मांड की. तुझं तोंड चालतं."

"माझं तोंड चालतं, पण हात तुझा गेलाय. तू त्यांना हात दाखव. या वर्षी तू डेलिगेट. शब्द देते."

आर्लो लाजला. मग आरशासमोर उभा राहून रोज त्या चार ओळी म्हणू लागला. आयनाने हे लव्हॉनला सांगितलं तेव्हा दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. लव्हॉनला आता तेच हसणं आठवलं की कानशिलं तापतात.

कॉकसच्या सोमवारी व्यायामशाळेत ऐंशी माणसं आली. सहा जागा होत्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी लव्हॉनचा माणूस एक सिनेटर. समोर बास्केटबॉलच्या जाळीखाली खासदाराचा कोपरा, त्याची पुढारी जीवशास्त्राची मास्तरीण कॉनी डिट्मर. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, खुर्च्या मांडून बसलेला तिसरा कोपरा, वकिलाचा.

हा वकील म्हणजे बेल्मरच्या जखमेवरचं मीठ. उमेदवार व्हायच्या आधी तो मांसवाल्या कंपन्यांचा वकील होता. फाटकावर तीनपेक्षा जास्त माणसं उभी राहू नयेत, हा कोर्टाचा हुकूम त्यानेच आणला होता. पण त्याची बायको इथल्या जुन्या लुथरन पाद्र्याची मुलगी, आणि शरद ऋतूत चर्चच्या जेवणानंतर त्याने बाह्या सारून दोन तास ताटं पुसली होती. तेवढ्यावर चर्चच्या स्वयंपाकघरातल्या बायका त्याच्या झाल्या. त्यांची म्होरकी हिल्डा बोमगार्टन, वय एक्याऐंशी, विणकाम घेऊन आलेली.

वॉर्डाचा अध्यक्ष रसेल विम्याचा एजंट होता. त्याने शिट्टी वाजवली. "एकेकानं आपला आकडा मोठ्यानं बोलायचा! मागच्या वेळेसारखं कोणी दोनदा बोलला तर बाहेर काढीन."

सिनेटरचा कोपरा छत्तीसवर थांबला. खासदाराचा तेहतीस. वकिलाचा अकरा, आणि टिकायला हवे होते बारा.

"एक कमी," रसेल म्हणाला. "हिल्डाबाई, तुमचा कोपरा मोडला. अर्धा तास आहे. कोणी तुमच्याकडे आलं तर ठीक, नाहीतर तुम्ही दुसरीकडे जा."

"मला इथंच बरं आहे," हिल्डाबाई म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून ऊब येते."

सगळे हसले. लव्हॉन हसली नाही. ती मनात गणित करत होती. कोपरा मोडला तर या अकरा जणी कॉनीकडे जाणार, कॉनी त्यांच्या चर्चची. मग जागा तीन आणि तीन. बरोबरी. तिसरी जागा आर्लोची, ठरल्याप्रमाणे.

पण बरोबरी म्हणजे काय? बरोबरी म्हणजे उद्या सकाळी कॅफेत कॉनी डिट्मर म्हणणार, या वेळी हार्म्सबाईंना आम्ही रोखलं.

आणि दुसरं गणितही होतं. आपला एक माणूस वकिलाला उसना द्यायचा. त्यांचे बारा होतात, कोपरा टिकतो, त्यांना एक जागा मिळते, आणि ती जाते कॉनीच्या वाट्यातून. आपल्या तीनच राहतात, कॉनीच्या दोन. चाल जुनी होती, नियमात बसत होती, फक्त कोणीतरी जायला हवं होतं.

तिने आधी एका बसड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "वकिलाच्या कोपऱ्यात? त्यापेक्षा मला बाहेर बर्फात उभं कर." मग संपातल्याच एका विधवेला विचारलं. तिने पाठ फिरवली. दहा मिनिटं उरली होती.

आर्लो भिंतीला टेकून उभा होता. चार ओळींचा कागद त्याने दुमडून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि वरून तो चाचपत होता.

लव्हॉन त्याच्या कानाशी लागली. "आर्लो, पाच मिनिटांचं काम आहे. तिकडे जाऊन उभा राहा. त्यांना एक कमी पडतोय."

त्याला कळायला वेळ लागला. "कुठे? त्या...?"

"नुसतं उभं राहायचंय रे. आकडा बोलायचा बारा. आपले सगळे ओळखतात तुला, कोणाच्या मनात काही येणार नाही."

"लव्हॉन, तो कोर्टाचा हुकूम आणणारा..."

"मला सांगतोस? अरे, त्याला मत थोडंच देतोयस, कॉनीची जागा काढतोयस. माझ्यावर विश्वास नाही?"

आर्लोने खिशावरचा हात काढला. "मग माझी जागा?"

पान एकोणीस. पेन्सिलीची रेघ. त्या कोपऱ्यात मोजला गेला की हा आपला डेलिगेट होणार नाही, हे या खोलीत कोणाला पाठ असेल तर तिला.

"ते मी बघते," लव्हॉन म्हणाली.

तीन शब्द. तिच्या आयुष्यातली सगळी भाषणं एका पारड्यात टाकली तरी ते तीन शब्द जड भरतील.

आर्लो निघाला. व्यायामशाळेचा पॉलिश केलेला लाकडी मजला, ओले बूट, आणि एका माणसाचं चालणं. बोलणं हळूहळू थांबलं. ऐंशी माणसं बघत होती, आणि त्यातली निम्मी त्याच्याबरोबर फाटकावर उभी राहिलेली. तो हिल्डाबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. रसेलने पुन्हा मोजायला सांगितलं. बायकांचे पातळ आवाज एकामागून एक आले, दहा, अकरा, आणि मग आर्लोचा घोगरा आवाज:

"बारा."

लव्हॉनच्या कोपऱ्यात मर्ल व्होंद्रा होता. संपात स्वतःचं घर गमावलेला, आता मुलीकडे राहणारा. त्याने आर्लोकडे पाहिलं, मग लव्हॉनकडे. टोपी घातली. "चल, डोरीन," तो बायकोला म्हणाला.

"मर्ल, कुठं निघालास? अजून मोजणी व्हायचीय," लव्हॉन म्हणाली.

"मोजणीसाठीच निघालोय."

"हे बघ, ही नुसती चाल आहे. नियमात आहे."

"असेल ना. तू पाठवलंस, हे मला दिसलं. तो तुला नाही म्हणू शकत नाही, हे तुला माहीत होतं." मर्ल आवाज न चढवता बोलत होता, त्यामुळे ते जास्त लागलं. "कंपनी आम्हाला असंच इकडून उचलून तिकडं ठेवायची, लव्हॉन. तिचंही सगळं नियमातच असायचं."

दोघं चालत बास्केटबॉलच्या जाळीखाली गेले. कॉनीने सरकून त्यांना जागा करून दिली.

लव्हॉनचं डोकं यंत्रासारखं चाललं. पस्तीसातले दोन गेले, तेहतीस. चौतीस म्हणजे तीन जागा, तेहतीस म्हणजे दोन. अजून एक मिनिट आहे. आर्लोला परत बोलाव! तो आला की चौतीस, तीन जागा, त्याची जागासुद्धा त्याला. नुसतं "आर्लो, ये इकडे" म्हणायचं. एवढंच.

पण ते या सगळ्यांच्या देखत म्हणायचं. म्हणजे गडी आपणच हलवला होता, हे कबूल करायचं. कॉनी बघत होती. मर्ल बघत होता. लव्हॉनने तोंड उघडलं, मिटलं, आणि घड्याळाकडे पाहत राहिली. जिच्या तोंडाला गावात कोणी कुलूप घालू शकलं नव्हतं, तिचं तोंड त्या मिनिटाला आपोआप मिटलं.

रसेलने शिट्टी वाजवली. सिनेटर दोन, खासदार तीन, वकील एक.

लोक कोट चढवू लागले. मोजणी झाली की कॉकस संपला असं सगळ्यांना वाटतं. खरं काम पुढेच असतं, आणि ते करायला मागे मूठभर उरतात. मागे राहिलेल्या वीसेक जणांसमोर आर्लोने ठराव वाचला. कोणाची हरकत नव्हती, कोणाचं फारसं लक्षही नव्हतं. मग कोपऱ्याकोपऱ्यात डेलिगेट ठरू लागले. लव्हॉनच्या दोन जागांपैकी एक तिची, एक बसड्रायव्हरची. ती खुर्च्या रचायच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. कानावर येत होतं.

"मार्चमधला अख्खा शनिवार?" एक बाई म्हणत होती. "माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे."

"माझ्याने तीस मैल बसवत नाही," हिल्डाबाई म्हणाल्या. "मग कोण जाणार? एक जागा मिळालीय आयुष्यात, ती काय वाया घालवायची?" त्यांनी मान वर केली. "तुम्ही, स्कॉव ना? आयनाचे यजमान. तुम्ही आमच्या माणसाच्या बाजूचे आहात का खरंच?"

आर्लो म्हणाला, "नाही बाई. मला पाठवलंय."

लव्हॉनच्या हातातली खुर्ची हातातच राहिली.

"कोणी?"

आर्लोने खिशातला कागद नीट केला. दोन पावलांवर लव्हॉन उभी होती, तिच्याकडे त्याने साधं बघितलंसुद्धा नाही.

हिल्डाबाईंनी सुया थांबवल्या. "बरं. खोटं तरी बोलला नाहीत. आमच्यातलं कोणी जात नाही, आणि तुम्हाला तो ठराव न्यायचाय. आम्ही पाठवलं तर आमच्या माणसासाठी उभे राहाल?"

"तुम्ही पाठवलंत तर राहीन."

"मग जा. हातांचं म्हणणं मांडा. मलाही हात आहेत." त्यांनी आपली वाकडी बोटं दाखवली आणि पुन्हा विणायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी लव्हॉन त्याच्या घरी गेली. आर्लो पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने काढत होता, डाव्या हाताच्या जोरावर.

"झालं ते बरंच झालं म्हण," ती एका दमात म्हणाली. "डेलिगेट झालास ना? आता तिथे गेलास की आपल्या कोपऱ्यात यायचं. डेलिगेटला बंधन नसतं. पुस्तकात आहे, दाखवू?"

"असेल पुस्तकात."

"मग?"

"त्या म्हातारीला सांगितलंय मी."

"अरे, ती म्हातारी वकिलाच्या ताटं पुसण्यावर भाळलेली!"

आर्लोने फावडं बर्फात रोवलं. "लव्हॉन, मला पाठवताना तुला माहीत होतं का, की मग मी तुमच्यातून जाऊ शकणार नाही?"

ती म्हणू शकली असती, विसरले. ते खोटंही तिच्या तोंडी आलं होतं. ती म्हणाली, "माहीत होतं."

त्याने मान हलवली, जसं काही कोणी त्याला वेळ सांगितली. "आयनाने कॉफी टाकलीय. घेऊन जा." आणि तो पुन्हा बर्फ काढू लागला. लव्हॉन कॉफी न घेताच निघून गेली.

खरी शिक्षा पुढे होती, आणि ती तिला नाही, त्याला झाली. मेन स्ट्रीटवरच्या कॅफेत भिंतीवर खुंट्या आहेत. रोज येणाऱ्याचा आपला कप, आपली खुंटी. खिडकीजवळची वरची ओळ संपवाल्यांची. संप हरल्यावर त्यांच्यापाशी ती ओळ तेवढी उरली होती. आर्लोच्या निळ्या कपावर आयनाने नखपॉलिशने त्याचं नाव लिहिलं होतं. कॉकसनंतर आठवड्याच्या आत तो कप खुंटीवरून गेला. कोणी काढला, कोणी विचारलं नाही. दुसऱ्या वॉर्डातल्या माणसांना एवढंच कळलं होतं, की स्कॉव वकिलाच्या कोपऱ्यात उभा राहिला, आणि वर त्याचा डेलिगेटही झाला.

"भाऊ फाटकातून आत गेला, हा चर्चच्या दारातून," खिडकीजवळचा एक जण म्हणाला. "रक्तच तसलं."

टेबलावर हशा झाला. लव्हॉन तिथेच बसली होती, तिचा कप हातात होता. मर्ल व्होंद्रानेही ते ऐकलं. तो तिच्याकडे बघत राहिला. बाहेर पडल्यावर तिने त्याला गाठलं.

"तू का नाही सांगितलंस त्यांना? तुला तर माहीत आहे."

"मी नाही सांगणार. ज्यानं केलं त्यानं सांगावं."

"योग्य वेळ आली की सांगेन."

"हो. तुझ्याजवळ पुस्तक आहे, वेळ तुलाच कळणार," मर्ल म्हणाला आणि ट्रकमध्ये बसला.

आर्लोने दोन दिवस काउंटरवर उभ्याने पाहुण्यांच्या पांढऱ्या कपात कॉफी घेतली. तिसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

मार्च उजाडेपर्यंत वकिलाने शर्यतीतून अंग काढून घेतलं. ज्या माणसासाठी आर्लोचा कप गेला, तो माणूसच मैदानात उरला नव्हता. तरीही अधिवेशनाच्या शनिवारी, काउंटीच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये, वकिलाच्या नावाच्या पाटीखाली चौघं उभे होते, आणि त्यात चर्चला घालायच्या कोटात आर्लो होता. मोजणी झाली, कोपरा मोडला. तिघं इकडे तिकडे पांगले. आर्लो कोणाकडेच गेला नाही. भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला, मांडीवर कागद.

दुपारी ठराव आले. कमिटीने यादी छाटली होती, आर्लोचा ठराव कापलेल्यांत गेला होता. असा ठराव सभेतून परत आणता येतो. मांडणारा एक हवा, अनुमोदन देणारा एक. हे आर्लोला लव्हॉननेच शिकवलं होतं.

तो माइकपाशी गेला. चारही ओळी न चुकता म्हणाला. मग उजवा हात वर धरला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. तीन बोटं तशीच ताठ राहिली. "बघा," तो म्हणाला.

"अनुमोदन कोणाचं?" अध्यक्षाने विचारलं.

लव्हॉनच्या आजूबाजूला शेजारच्या गावातल्या कामगार संघटनेची माणसं होती. हा ठराव त्यांचाच होता, त्यांच्याच हातांचा. पण त्यातला एक कुजबुजला, "हा तर वकिलाच्या पाटीखालचा. ह्यात काहीतरी काळंबेरं आहे. कोणी उठू नका." दुसरा लव्हॉनकडे वळला. "तुमच्या बेल्मरचा ना हा? कसा माणूस आहे?"

इथे एक शब्द पुरला असता. अनुमोदन. लव्हॉनने तो आयुष्यात शेकडो वेळा उच्चारला होता, झोपेत म्हटला असता. पण उठलं की पुढचा प्रश्न येणार होता, हा चांगला माणूस तिकडे कसा गेला, आणि त्याचं उत्तर या माणसांपुढे द्यावं लागणार होतं, जे तिला 'हार्म्सबाई' म्हणून खुर्ची देत होते. ती मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.

"अनुमोदन कोणाचं? शेवटचं विचारतो."

"माझं," हॉलच्या पलीकडून आवाज आला. कॉनी डिट्मर उभी होती.

ठराव अकरा मतांनी पडला. लव्हॉनने हात वर केला होता. पण हात वर करणाऱ्यांच्या गर्दीत हात वर करायला काय लागतं?

परतताना पार्किंगमध्ये तिची गाडी सुरू होईना. गारठ्यात बॅटरी बसली होती. बसड्रायव्हर आधीच निघून गेला होता. आर्लोने आपला ट्रक शेजारी आणून लावला, वायरी जोडल्या, तिचं इंजिन धरेपर्यंत थांबला. तिने काच खाली केली.

"आर्लो, मी उठणार होते..."

"बघितलं मी तुला," तो म्हणाला. त्याने वायरी गुंडाळल्या. "वाटेत बंद करू नकोस. पुन्हा धरणार नाही."

तीस मैल तिने गाडी चालवली, आणि तीस मैल त्याच्या ट्रकचे दिवे तिच्या मागच्या आरशात होते. गाडी बंद पडली तर, म्हणून. घराच्या वळणावर ते दिवे वळून गेले.

सोमवारी सकाळी सहाला ती कॅफेत गेली. खिडकीजवळचं टेबल भरलेलं होतं. मर्ल होता, 'रक्तच तसलं' म्हणालेला तो रक्तवाला होता. ती बसली नाही.

"आर्लो स्कॉवला त्या कोपऱ्यात मी पाठवलं," ती म्हणाली.

कोणीतरी चमचा खाली ठेवला.

"बरोबरीत त्याची जागा त्याला मिळत होती. मला बरोबरी नको होती. त्याने विचारलं, माझी जागा? मी म्हटलं, बघते. तेव्हाच मला माहीत होतं ती गेली म्हणून. परत बोलवायला एक मिनिट होतं, बोलावलं नाही. तुम्ही त्याचा कप काढलात तेव्हा मी इथेच बसले होते. आणि परवा त्याच्या ठरावाला अनुमोदन हवं होतं, तेव्हाही मी बसूनच होते. कॉनी डिट्मर उठली." तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. मागच्या टेबलावरच्यांना कान द्यावे लागले. "त्याने कोणालाही माझं नाव सांगितलं नाही. म्हणून मी सांगतेय."



"मग?" रक्तवाला म्हणाला. "आता टाळ्या वाजवायच्या का तुझ्यासाठी?"

एरवी लव्हॉनने त्याला जागच्या जागी सोलला असता. ती म्हणाली, "नको." आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी निळा कप खुंटीवर परत आला होता, धुऊन पुसून. आणखी दोन दिवसांनी मर्ल स्वतः जाऊन आर्लोला घेऊन आला. आर्लो आपल्या जुन्या खुर्चीवर बसला, डाव्या हाताने कप उचलला, आणि बर्फ कधी वितळेल यावर बोलणं सुरू झालं. कोणी माफी मागितली नाही, कोणी कोणाला मागायला लावली नाही. बेल्मरमध्ये तसं चालत नाही.

लव्हॉन दारातून आत आली तेव्हा आर्लोने पायाने शेजारची खुर्ची बाहेर सरकवली. तेही पूर्वीसारखंच. ती बसली.

तिचा कप वरच्या ओळीत होता, जिथे असायचा तिथेच. कोणी हात लावला नव्हता. ती उठली, भिंतीपर्यंत गेली, हात अर्धा वर केला. मग काउंटरकडे वळून म्हणाली, "एक पांढरा दे."

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर चार वर्षांनी वॉर्डावॉर्डातले कोपरे सांभाळणारे नवे कॅप्टन तिच्याकडे शिकायला येतात, आणि ती त्यांना गणित शिकवते, पान एकोणीससकट. ती अजून पांढऱ्या कपातच कॉफी पिते. तिच्या कपावर धूळ बसते, कॅफेवाली नाताळच्या आधी ती पुसते आणि पुन्हा त्याच खुंटीला लावते. आर्लो एकदाच म्हणाला होता, "घे की आता तो."

"बघते," ती म्हणाली. आणि शब्द तोंडातून निघाल्याबरोबर तिची मान खाली गेली.